आकडा

टेमघरे मॅडम काउंटरवर ठेवतात
पिवळ्या कागदांचा गठ्ठा. तेवीस स्लाइड,
उद्या सकाळी साडेआठचं लेक्चर,
आणि म्हणतात, निर्मल, अक्षरं कशीही येऊ देत,
चिन्हं तेवढी जप.

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
माथाडींच्या बैठ्या घरांवर चढलेले दोन-दोन मजले,
त्यांतल्या एकाच्या पोटात माझं दुकान.
पत्रिकेत गणपती कुठे बसवायचा, मला झोपेत विचारा.
‘दुसऱ्या’तला र मोडला तर रात्री बारालाही जोडून देते.
गणित मात्र दहावीतच सुटलं, बत्तीस मार्कांवर.

इन्सर्ट. सिम्बॉल. मग उघडतो तो खण,
शिंप्याच्या बटणांच्या डब्यासारखा.
नावं कुठे ठाऊक, मी ठेवणीवरून शोधते :
आडवा झोपलेला आठ.
डोक्यावर उभा राहिलेला ए.
एका बाजूला लांबवलेलं छप्पर, खाली दोन भाडेकरू.
चुलीच्या दगडांसारखे तीन ठिपके,
ते मी पालथे घातले.
अगं, हे ‘कारण’ झालं, मॅडम हसल्या, मला ‘म्हणून’ हवं होतं.
फिरवून दिलं. म्हटलं, एवढाच फरक असतो होय?
त्या काही बोलल्या नाहीत,
चष्मा जरा जास्तच वेळ पुसत राहिल्या.

नवव्या पानावर तो आला,
उंच, सडपातळ, दोन्ही टोकांना वळलेला.
बाबा डबा घेऊन आले होते,
कंबरेचा पट्टा आवळत स्टुलावर टेकले,
स्क्रीनकडे बघून म्हणाले, आकडा आहे की हा.

आकडा नाही हो काका, मॅडम म्हणाल्या, ही बेरीज आहे,
इतक्या बारीक तुकड्यांची की सुटे मोजताच येत नाहीत.

मी पोत्याचा आकडा म्हणतोय, बाबा म्हणाले.

तो अजून घरी आहे, मीटरशेजारच्या खिळ्याला,
मूठ घामाने काळी झालेली.
एकतीस वर्षं मसाला मार्केट,
धने, हळद, मिरची. मिरचीच्या दिवसांत
आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची.
मुकादम भिंतीवर खडूने ओढायचा
चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी,
रात्री ओल्या फडक्याने पुसायचा.
सगळ्याची मिळून बेरीज कुणी केली नाही.
डॉक्टरनेही मणक्याचा फोटो उजेडात धरून
अंदाजच सांगितला.

बाबा पुढे झाले, वाकता येतं तेवढे.
हा दोन्हीकडून वळलाय, म्हणाले,
मग धरायचा कुठे?

मॅडमनी पेन्सिल टेकवली : खाली ए, वर बी,
इथून उचलायचं, इथवर.
आणि शेवटी डीएक्स. निर्मल, तो तू सगळीकडे गाळलायस.

मला वाटलं कुणाची तरी सही आहे.

सकाळी आठ दहाला फोन.
वाशीच्या कॉलेजातल्या कम्प्युटरवर एकही आकडा उघडेना,
जागोजागी नुसते रिकामे चौकोन,
बिऱ्हाड हलवल्यावर भिंतीवर तसबिरींचे राहतात तसे.
मॅडमचा आवाज पातळ झालेला,
मागे पोरांचा गलका.

शटर अर्धंच वर केलं, खालून शिरले.
एकेका चिन्हाचं चित्र केलं,
आता ते अक्षर नाही, फोटो आहे,
आणि फोटोला फॉन्ट लागत नाही.
सतरा आकडे, एकेक उचलून जागेवर.
शेवटचा किंचित कलला, वेळ नव्हता, तसाच पाठवला.
आठ सव्वीस.

हिशोब : पानाला वीस रुपये. चिन्हांचे वेगळे नाहीत.

दुपारी बाबांनी डब्याचं झाकण उघडत विचारलं,
लागला का माल?
लागला.
वरचं टोक वरच ना?
म्हटलं, हो.
मग जेव, म्हणाले.